वस्तीवरच्या कुत्र्याची सुई

(सोलापूर येथे जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कुत्र्या-मांजरांच्या आरोग्यावर बोलायला मी उभा आहे हे ऐकून मागच्या रांगेतली काही मंडळी हसली. त्यांच्या हसण्याचा मला राग नाही. कुत्र्याचा डॉक्टर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईचा बंगला येतो, पट्ट्याला बांधलेले केसाळ कुत्रे येते आणि त्याला मोटारीतून दवाखान्यात नेणारे मालक येतात. ज्याच्या उसाचे बिल वेळेवर निघत नाही, ज्याला कांद्याची पट्टी हातात पडल्यावर गाडीभाडे खिशातून भरावे लागते, त्याने कुत्र्याच्या सुईचा विचार करायचा म्हणजे चैनच झाली, असे तुम्हाला वाटत असणार.

पण बंगल्यातले कुत्रे चार भिंतींच्या आत असते. आपले कुत्रे रात्रभर शिवारात असते. कोल्ह्याशी, खोकडाशी, गावातल्या मोकाट कुत्र्यांशी त्याची रोज गाठ पडते आणि सकाळी तेच कुत्रे आपल्या अंगणात पोरांच्या शेजारी येऊन बसते. लसीची खरी गरज या कुत्र्याला आहे. बंगल्यातल्या कुत्र्याला ती दर वर्षी मिळते, आपल्याला ती टोचायचे सुचतही नाही. आज मला एवढेच सांगायचे आहे की वस्तीवरच्या कुत्र्याला टोचलेली सुई ही खरे तर आपल्या लेकरांना आणि आपल्या दावणीला टोचलेली सुई आहे, आणि ती एकट्यादुकट्याने टोचून भागत नाही, गावाने मिळून टोचावी लागते.

हिशेबात नसलेले जनावर

कुठल्याही वस्तीवर जा आणि जनावरे किती म्हणून विचारा. दोन म्हशी, एक जर्सी, चार शेळ्या, झालेच तर खिलार बैलजोडी, असे उत्तर येते. घरची बाई कोंबड्याही मोजून सांगते. कुत्रे आणि मांजर कोणी सांगत नाही. सरकारच्या पशुगणनेत कुत्र्याचा रकाना असतो, आपल्या घरच्या हिशेबात तेवढाही नसतो.

आता ते काम काय करते ते पाहा. विहिरीवरची मोटार आणि केबल चोरीला जायला लागल्यापासून रात्रीची राखण त्याच्याकडे आहे. मक्यात रानडुकरे शिरली की पहिली हाक त्याची. मेंढपाळाचा वाडा तर कुत्र्यावाचून एक रात्र उघड्या माळावर बसू शकत नाही. नान्नजच्या माळरानापासून सांगोल्याच्या माळापर्यंत लांडग्याचा वावर आजही आहे. मांजर घरातल्या धान्याला उंदरांपासून राखते. या सगळ्याची मजुरी म्हणजे उरलेली भाकरी. ती आपण देतो. आजारपणाचा खर्च मात्र आपल्या हिशेबात कधीच धरलेला नसतो.

बैल लंगडला तर आपण दुसऱ्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात जातो. कुत्रे आजारी पडले तर ते बरे होते किंवा मरते, आणि मेले तर दुसरे पिलू आणतो. इथेच आपला हिशेब चुकतो, कारण कुत्रे नेहमी एकटे मरत नाही.

पिसाळणे म्हणजे काय होते

कुत्रे पिसाळते म्हणजे त्याला रेबीज होतो. या रोगाचा विषाणू लाळेत असतो. चाव्याच्या जखमेतून तो अंगात शिरतो आणि मज्जातंतूच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. ही वाट चालायला त्याला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी आठवडा पुरतो, कधी वर्ष जाते. चावा तोंडावर, मानेवर किंवा हातावर असेल तर धोका जास्त. लहान मुलाचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असते, त्यामुळे पोरांना असे चावे जास्त बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने रेबीजने मरणाऱ्या शंभर माणसांत सुमारे चाळीस पंधरा वर्षांच्या आतली मुले असतात.

विषाणू मेंदूत पोहोचला, पाण्याची भीती वाटू लागली, वाऱ्याची झुळूक सोसेना झाली, की पुढे औषध नाही. लक्षणे दिसल्यावर माणूस वाचल्याची उदाहरणे साऱ्या जगात बोटांवर मोजण्याइतकी आहेत. उलट, चावल्याबरोबर नीट उपचार झाले तर हा रोग होतच नाही म्हटले तरी चालेल. इतका भयंकर आणि तरीही इतका हमखास टाळता येणारा दुसरा रोग सापडणे कठीण.

आपल्या देशात २००३ सालच्या पाहणीत वर्षाला सुमारे २० हजार माणसे रेबीजने मरतात असा अंदाज निघाला होता. अलीकडच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०२५ साली छापून आले, तो आकडा सुमारे ५ हजार ७०० वर आला आहे. आकडा उतरला ही समाधानाची गोष्ट आहे. पण जी लस १८८५ साली लुई पाश्चरने एका नऊ वर्षांच्या मुलाला टोचली, ती हातात असताना आजही हजारो माणसे मरतात, आणि मरणारी बहुतेक गरिबाघरची असतात.

म्हशीच्या तोंडात हात

हा रोग दावणीला येतो तेव्हा तो ओळखू येत नाही, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. रात्री पिसाळलेले कुत्रे गोठ्यात शिरून म्हशीला चावून जाते. कातडीवर बारीक ओरखडा, कोणाच्या लक्षातही येत नाही. महिना-दोन महिन्यांनी म्हैस खाणे सोडते. तोंडातून लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो, सारखी कण्हते. मालकाला वाटते घशात काहीतरी अडकले. कोणी म्हणतो लाळ-खुरकूत आहे. मग अनुभवी माणूस बाही वर सारतो आणि तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालतो.

कापणीच्या, तोडणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या हाताला एकही चीर नाही असे कधी असते का? ती लाळ त्या चिरेवर लागली म्हणजे चावाच बसला असे समजा. म्हणून जनावर गिळत नसेल आणि लाळ गाळत असेल तर आधी डॉक्टरला बोलवा, तोंडात हात घालू नका. घातलाच गेला असेल तर साबणाने हात धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जाऊन तसे सांगा.

दुधाबद्दल गावात दर वेळी घबराट होते. म्हैस पिसाळून मेली असे कळले की तिचे दूध ज्या ज्या घरी गेले ती सगळी घरे सुया टोचून घ्यायला पळतात. उकळलेल्या दुधातून रेबीज झाल्याचे उदाहरण नोंदलेले नाही. चहात गेलेल्या दुधाने घाबरण्याचे कारण नाही. कच्चे, धारोष्ण दूध प्यायले असेल तर डॉक्टरचा सल्ला घ्यावा. शंकेच्या जनावराचे दूध घरीही वापरू नये आणि डेअरीलाही घालू नये. मात्र जनावराला कुत्रे चावल्याचे डोळ्यांदेखत दिसले तर हात बांधून बसू नका. जखम साबणाच्या पाण्याने धुवा. जनावरालाही चावल्यानंतरच्या सुयांचा क्रम असतो, तो त्याच दिवशी सुरू झाला तर उपयोग होतो.

चौदा सुयांची भीती सोडा

जुनी माणसे कुत्रे चावल्याचे लपवतात, कारण त्यांच्या मनात पोटातल्या चौदा सुया बसलेल्या आहेत. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास पूर्ण बंद झाली. आता सुई दंडाला असते. सरकारी दवाखान्यात बहुधा चार खेपा होतात: पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. कातडी फाटून रक्त आले असेल तर जखमेच्या आत आणि भोवती आणखी एक औषध टोचतात. त्यात तयार प्रतिकारद्रव्य असते, कारण लशीचा परिणाम सुरू व्हायला दिवस लागतात. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळेलच असे नाही, म्हणून विचारून घ्या आणि नसेल तर मोठ्या दवाखान्यात जा.

पण पहिले औषध घरीच आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. विषाणू आत शिरण्याआधीच बराचसा वाहून जातो. चुना, मिरचीपूड, हळद, बिब्बा यांतले काहीही जखमेवर भरू नका, त्याने विषाणू मरत नाही आणि जखम मात्र चिघळते. मंतरलेले पाणी आणि झाडपाला यांत एक-दोन दिवस गेले तर तेवढा वेळ विषाणूला वाट चालायला मिळाला. चावलेले कुत्रे आपले असेल, टोचलेले असेल, तरी माणसाने सुई घ्यावी. कुत्र्याला मारून टाकू नये, दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवावे. दहा दिवसांनी ते धडधाकट असेल तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. पुढच्या सुया थांबवायच्या की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचे.

आता खर्चाचे बोलू. कुत्रे चावलेल्या मुलाला घेऊन एक माणूस चार वेळा तालुक्याला जातो. चार दिवसांची मजुरी बुडते, गाडीभाडे वेगळे. त्यात म्हैस गेली तर एका म्हशीला आज काय पडते हे सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात जाणाऱ्याला मी सांगायला नको. दुसऱ्या पारड्यात कुत्र्याची वर्षाची एक सुई ठेवा. पेंडीच्या एका पोत्याच्या किमतीत कितीतरी कुत्र्यांच्या सुया होतात. ज्याला व्याजाचा हिशेब कळतो त्याला हा हिशेब समजावून द्यावा लागत नाही.

मेंढी गोल का फिरते

या जिल्ह्यात मेंढपाळ पुष्कळ आहेत, म्हणून जंतांबद्दलही बोलले पाहिजे. कळपातली एखादी मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूला गोल गोल फिरू लागते, आंधळ्यासारखी धडकते, हळूहळू वाळत जाते. बाहेरची बाधा झाली असे कोणी म्हणतो. त्या मेंढीच्या मेंदूत पाण्याची गाठ असते आणि त्या गाठीचे बी कुत्र्याच्या पोटातून आलेले असते. कुत्र्याच्या आतड्यात चपटा जंत असतो, त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, गवताबरोबर मेंढीच्या पोटात जातात. मेंढी कापल्यावर तिचे डोके कुत्र्यापुढे टाकले की त्या गाठीतून कुत्र्याच्या पोटात पुन्हा जंत. असे हे रहाट चालू राहते.

याच जातीचा दुसरा एक जंत काळजात आणि फुप्फुसात गाठी करतो, आणि तो माणसालाही होतो. कुत्र्याच्या अंगाला चिकटलेली अंडी हाताला लागतात, हात न धुता भाकरी खाल्ली की पोटात जातात. गाठ वर्षानुवर्षे वाढते आणि शेवटी शस्त्रक्रियेवर येते.

हे रहाट थांबवायला मोठा खर्च नाही. कापलेल्या जनावराचे डोके, काळीज, फुप्फुस, आतडी कच्ची कुत्र्याला घालू नका, पुरा किंवा चांगली शिजवून घाला. आणि कुत्र्याला जंताचे औषध द्या. चपट्या जंतावर प्राझिक्वान्टेल नावाचे औषध असते, ते वजनाप्रमाणे द्यायचे असते, म्हणून डॉक्टरला विचारून द्या. शेळ्या-मेंढ्यांना वर्षातून दोनदा औषध पाजणारा माणूस वाड्यावरच्या दोन कुत्र्यांना विसरतो, आणि जंत परत येतात ते तिथूनच.

गोचीड-पिसवांचेही असेच आहे. गोठा फवारून घेतला आणि कुत्रे तसेच ठेवले तर गोचीड त्याच्या कानात बसून राहतात. मात्र जनावरांचे गोचिडाचे औषध अंदाजाने कुत्र्यावर ओतू नका, आणि मांजरावर तर नकोच. मांजर अंग चाटते, आणि जे औषध कुत्र्याला चालते त्यातले काही मांजराचा जीव घेते. मांजरालाही रेबीज होतो, त्याच्या चाव्याला आणि ओरखड्यालाही हेच उपचार लागतात. म्हणून घरचे मांजर सुईतून वगळू नये.

एकट्याने का भागत नाही

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, मी माझ्या कुत्र्याला टोचून घेतो, झाले. झाले नाही. तुमचे कुत्रे वाचेल. पण रोग गावात फिरतच राहील आणि शेजारच्या पोराला गाठेल. जाणकारांचा हिशेब असा की गावातल्या शंभर कुत्र्यांपैकी सत्तर टोचलेली असली तर पिसाळलेल्या कुत्र्याला चावायला न टोचलेले दुसरे कुत्रे मिळेनासे होते आणि साखळी आपोआप तुटते. कुत्र्यांचे आयुष्य थोडे, दर वर्षी नवी पिले येतात, जुनी मरतात, म्हणून हे सत्तर दर वर्षी पुरे करावे लागतात.

सगळ्यांनी मिळून केल्यावर रोग जातो याचा पुरावा आपल्याच दावणीत आहे. बुळकांडी हा शब्द आजच्या पोरांना ठाऊक नाही. आपल्या आजोबांच्या काळात बुळकांडी आली की गावेच्या गावे बैलांविना होत. १८८९ साली पुण्यात जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा निघाली, तीच पुढे वाढून आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. बुळकांडी हेच तिच्यापुढचे मोठे काम होते. १९५४ पासून देशभर लस टोचण्याची मोहीम चालली. १९९५ नंतर देशात बुळकांडी दिसली नाही, २००६ साली भारत आणि २०११ साली सारे जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. लंपीच्या वेळी, २०२२ साली, बाजार बंद झाले, दावणी ओस पडल्या, आणि मग गावोगाव एकेका दिवसात सगळी जनावरे टोचली गेली. म्हणजे मनावर घेतले तर गाव हे करू शकते.

कुत्र्यांच्या बाबतीत शेजारच्या गोव्याने करून दाखवले. २०१३ पासून तिथे एका स्वयंसेवी मोहिमेने आणि राज्य सरकारने मिळून दर वर्षी गल्लोगल्ली, जाळी घेऊन, मोकाट कुत्र्यांनासुद्धा टोचले. माणसांचे रेबीजचे बळी थांबले आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला. देशानेही २०३० पर्यंत कुत्र्यापासून होणारा रेबीज संपवण्याचे ठरवले आहे. दिल्लीत ठरल्याने आपल्या वस्तीवर सुई पोहोचत नाही, हे इथे कोणाला सांगायला नको. लाळ-खुरकुताच्या सुईला दर सहा महिन्यांनी माणूस येण्याची आपल्याला सवय झाली, कुत्र्याच्या सुईला तशी सवय अजून लागलेली नाही. ती आपणच लावली पाहिजे.

काय करायचे

माझी सूचना साधी आहे. कुत्र्याच्या रेबीजची लस दहा मात्रांच्या बाटलीतही येते. सुट्या एकेका सुईपेक्षा ती स्वस्त पडते, पण बाटली उघडली की लवकर संपवावी लागते. एकट्या शेतकऱ्याला ती परवडणार नाही. दहा वस्त्यांची दहा कुत्री एका सकाळी एका जागी आली तर एक बाटली, डॉक्टरची एक खेप, आणि काम फत्ते. लस बर्फातून आणायची, खिशात घालून उन्हातून आणली तर ती पाणी होते. आपल्या दवाखान्यात लस आहे का ते आठ दिवस आधी विचारा, नसेल तर वर्गणी काढून आणा. १९६२ हा जनावरांच्या सेवेचा क्रमांक आहे, तोही लिहून ठेवा.

दिवस कोणता? आपल्याकडे कुत्री भादव्यात माजावर येतात, तेव्हाच झुंडी जमतात, भांडणे होतात, चावे वाढतात. म्हणून बेंदूर ते पोळा या दिवसांत गावाने एक सकाळ ठरवावी. पिलू तीन महिन्यांचे झाले की पहिली सुई, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, पुढे दर वर्षी एक. त्याच दिवशी जंताची गोळी. कुत्रे धरायचे मालकाने, कारण अनोळखी माणसाला ते धरू देत नाही. बहुतेक घरी ते सर्वांत जास्त ऐकते ते भाकरी घालणाऱ्या बाईचे. म्हणून हे काम महिला आघाडीने हाती घ्यावे, ते अधिक नीट होईल असे माझे मत आहे. एका वहीत घराचे नाव, कुत्र्याचा रंग आणि तारीख लिहून ठेवावी.

गावातल्या बेवारस कुत्र्यांचे काय, हा प्रश्न राहतो. २०२३ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पाळलेल्या कुत्र्याची लस आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे आणि मोकाट कुत्र्यांची स्थानिक संस्थेची. आपण आपला वाटा पुरा करून ग्रामसभेत उभे राहिलो तर दुसऱ्याकडे त्याचा वाटा मागताना आवाज खणखणीत निघतो. विष घालून कुत्री मारण्याचा जुना मार्ग कायद्याने बंद आहे, आणि त्याने रोगही थांबत नव्हता. मेलेल्यांच्या जागी बाहेरची न टोचलेली कुत्री येतात.

अकरा तालुक्यांचे लोक इथे बसले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावी जाऊन दोनच आकडे काढावेत: गावात कुत्री किती आणि त्यांतली टोचलेली किती. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ते आकडे कागदावर लिहून आणा. ज्या गावाचे शंभरात सत्तर भरतील त्या गावाने उभे राहून बाकीच्यांना सांगावे, कसे केले ते. ऐकायला मी पहिल्या रांगेत बसेन.